आधी गोडे पाणी, मग खत : पनवेल-उरणच्या खारांची हकिकत



खारातल्या भाताला युरिया किती द्यावा, हा प्रश्न पावसाळा तोंडावर आला की हमखास विचारला जातो. आकडा सांगणे सोपे आहे. परंतु खारजमिनीत नुसता आकडा सांगून भागत नाही. इथे खताच्या आधी पाण्याचा हिशेब करावा लागतो, आणि हा हिशेब आपल्या पनवेल, उरण, पेण, अलिबाग भागात पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. ज्या जमिनीवर आज नवी मुंबईचे टॉवर उभे आहेत, त्यातल्या पुष्कळ जमिनीत एके काळी हाच हिशेब मांडला जाई. तेव्हा या माहितीपत्रकात खताकडे जरा वळसा घालून जाऊ.

एक गुंठा, सात पोती मीठ

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यात मोठा वाटा आपल्या खाण्याच्या मिठाचा, म्हणजे सोडियम क्लोराइडचा. बाकी मॅग्नेशियम, सल्फेट वगैरे. आता समजा, उधाणाला बांध फुटला आणि एक गुंठा खाचरात वीतभरसुद्धा नाही, फक्त 10 सेंटिमीटर पाणी चढले. गुंठ्यात ते झाले सुमारे दहा हजार लिटर. म्हणजे साडेतीनशे किलो क्षार. पन्नास किलोची सात पोती! ओहोटीला बरेचसे पाणी परत जाईल हे खरे, पण जे मातीत मुरले ते मुरले.

याच गुंठ्याला भातासाठी नत्र लागते साधारण एक किलो, म्हणजे युरिया दोन किलोंच्या थोडा वर. सात पोती एका बाजूला आणि दोन किलो दुसऱ्या बाजूला. कोण जिंकणार ते तुम्हीच सांगा.

मीठ रोपाचे काय करते? मूळ पाणी ओढते ते आतल्या रसाचा घट्टपणा बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असतो म्हणून. बाहेरचे पाणीच खारट झाले की ओढ उलटी होते. लोणच्याच्या कैरीला मीठ चोळले की पाणी सुटते, तसेच मुळाचे होते. शेतात पाणी उभे असून रोप तहानलेले राहते, पानांची टोके जळतात. अशा वेळी पीक पिवळे पडले म्हणून आपण आणखी खत टाकतो. खत हेसुद्धा एक प्रकारचे मीठच आहे, हे विसरू नये. तहानलेल्याला खारे शेंगदाणे दिल्यासारखे होते.

प्रयोगशाळेत मातीची विद्युतवाहकता मोजतात. क्षार जास्त तितकी वीज सहज वाहते. संपृक्त मातीच्या अर्काचा आकडा 4 डेसी सायमनच्या वर गेला की जमीन क्षारयुक्त समजतात. भाताचे उत्पन्न 3 च्या पुढेच घसरू लागते आणि 7 च्या आसपास ते निम्म्यावर येते.

यावर उपाय एकच, आणि तो वरून फुकट येतो. आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एका गुंठ्यावर ते अडीच लाख लिटरांच्या पुढे जाते. पावसाचे पाणी जवळजवळ क्षाररहित. ते मातीत मुरते, क्षार विरघळवते आणि वाट मिळाली की बाहेर घेऊन जाते. “वाट मिळाली की” हे शब्द मात्र नीट लक्षात घ्या. सगळी हकिकत त्या वाटेचीच आहे.

बाहेरचा बांध कोणाचा?

खार कसा करतात हे या भागातल्या जुन्या माणसाला शिकवायला नको. खाडीच्या बाजूला चिखलाचा मोठा बांध घालायचा. त्यात मध्ये उघाडी ठेवायची. भरतीला पाणी बाहेरून दाबते आणि उघाडीची झडप मिटते. ओहोटीला खाडी खाली जाते आणि आतले पावसाचे पाणी झडप लोटून बाहेर पडते, क्षार घेऊन. आत छोटे बांध घालून खाचरे पाडायची. पहिले एकदोन पावसाळे हाती फारसे काही लागत नाही, मग हळूहळू भात धरते.

गंमत अशी की, शेजारच्या मिठागरातही बांध तोच आणि उघाडीही तीच. तिथे पाणी आत घेऊन उन्हात आटवायचे आणि मीठ ठेवायचे, इथे पाणी बाहेर काढून मीठ घालवायचे. एकाच घरातली माणसे उन्हाळ्यात मीठ पिकवीत आणि पावसाळ्यात मीठ धुवून काढीत. आगरी हे नावच आगरावरून आले, ते उगीच नाही.

बाहेरचा बांध मोठा, त्याला खर्च मोठा. एकट्या कुळाला तो झेपत नसे. म्हणून इंग्रजी अमलाच्या आधीपासून कुलाबा भागात शिलोत्री पद्धत चालत आली. शिलोत्रीदाराने बाहेरचा बांध राखायचा आणि त्याबद्दल कुळाकडून सरकारी साऱ्याखेरीज धान्याचा ठरावीक हिस्सा घ्यायचा. आतले बांध कुळाने राखायचे. कागदावर हे ठीक होते. प्रत्यक्षात काही ठिकाणी हिस्सा वेळेवर वसूल होई आणि बांध मात्र तसाच राही. खोतांच्या आणि सावकारांच्या जाचाला विटून अलिबाग तालुक्यात चरी आणि आसपासच्या गावांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली 1933 साली जमीन कसणेच थांबवले. तो संप 1939 पर्यंत चालला. इतकी वर्षे लोक लाकूडफाटा, मासळी यांवर पोट भरत राहिले, हे आज सांगताना सोपे वाटते.

स्वातंत्र्यानंतर कायदे एकामागून एक आले. 1948 चा मुंबई खारजमीन कायदा, त्याच वर्षीचा कूळकायदा, 1955 चा कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क नाहीसे करण्याचा कायदा. 1957 साली 1 एप्रिलला, कृषकदिनी, कूळ मालक झाला. हे न्यायाचेच झाले, त्याबद्दल दुमत नाही. परंतु जमीन तुकड्या-तुकड्यांनी शेकडो मालकांची झाली आणि बाहेरचा बांध अखंड एकच राहिला. त्याचा धनी कोण?

काही वर्षे गावांनी तो स्वतः सांभाळला. घरटी माणूस काढून बांधावर काम करायचे, खांड पडली की रात्री-अपरात्री धावून जाऊन चिखल-पेंढ्याने ती बुजवायची. याला आपल्याकडे जोळ म्हणत. पुढे 1979 साली महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा झाला आणि शासनाच्या खारभूमी योजनांकडे लोक बघू लागले. कारखान्यात, बंदरात, मुंबईत नोकऱ्या मिळाल्या तसा जोळाला येणारा माणूस कमी झाला. सरकार बांध बांधील म्हणून गाव थांबले आणि निधी येईल म्हणून खाते थांबले, असे कित्येक ठिकाणी घडले. समुद्र मात्र कोणासाठी थांबला नाही.

रात्यापासून ‘पनवेल’पर्यंत

बांध शाबूत असला तरी थोडे मीठ राहतेच. उन्हाळ्यात खालचे खारे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढते, उन्हाने उडून जाते आणि वर पांढरा थर सोडते. म्हणून खाराला खारात टिकणारे बियाणे लागते. आपल्या वाडवडिलांनी ते निवडून ठेवले होते : राता. लाल, जाडा, भाव कमी, पण खाऱ्याला दाद न देणारा. खारात नांगरट आणि शेणखत फारसे नसे. पाऊस पडून माती धुतली गेली की मोड आलेले बी चिखलात फेकायचे, म्हणजे आपली रहू पद्धत. भरतीच्या गाळातून मिळालेल्या कसावर पीक येई.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने हेच राते गोळा करून त्यातून निवड केली. ‘काळा राता 1-24’ आणि ‘भुरा राता 4-10’ ही नावे जुन्या शेतकऱ्यांना आठवत असतील. क्षार सोसणाऱ्या भातावर काम करणाऱ्या परमुलखातल्या शास्त्रज्ञांनाही काळा राता माहीत आहे. दापोलीला 1972 साली कृषी विद्यापीठ झाले. त्याच्या छत्राखाली या केंद्रातून पुढे ‘पनवेल-1’, ‘पनवेल-2’, ‘पनवेल-3’ हे वाण आले.

भाताचा एक स्वभाव सांगून ठेवतो. मोड येताना तो बऱ्यापैकी मीठ सोसतो. कोवळ्या रोपात आणि फुलोऱ्यात मात्र फार नाजूक असतो. म्हणून खारात लावणी करायची तर रोप थोडे जून, महिन्याभराचे घ्यावे, चुडात दोनचार काड्या जास्त ठेवाव्यात आणि फुलोऱ्याच्या वेळी शेतात गोडे पाणी राहील अशी उघाडीची काळजी घ्यावी. परतीचा पाऊस लवकर संपला तर खार शेवटी फसतो तो इथेच.

खाडीपलीकडचा कारखाना

वाशीहून खाडीपलीकडे पाहिले की ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. (ठाणे-बेलापूर पट्ट्यातले आपले तुर्भे निराळे, गल्लत करू नये.) तिथे फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा खत कारखाना 1965 साली सुरू झाला आणि ‘सुफला’ घरोघरी पोचले. 1978 साली त्या महामंडळाची फेररचना होऊन राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स ही कंपनी झाली. 1985 साली अलिबाग तालुक्यात थळ येथे मुंबई हायच्या वायूवर चालणारा मोठा युरिया कारखाना आला. हवेतला नत्रवायू आणि वायूतून काढलेला हायड्रोजन यांचा अमोनिया, अमोनियाचा युरिया, असा तो प्रवास आहे.

या कारखान्यांना पाणी भरपूर लागते आणि तेही क्षार कमी असलेले, कारण बॉयलरमध्ये क्षारांची खपली धरते. मुंबईचे पिण्याचे पाणी कारखान्याने किती ओढायचे? म्हणून ट्रॉम्बेच्या कारखान्याने 2000 साली महापालिकेचे सांडपाणी घेऊन ते शुद्ध करण्याचे केंद्र चालू केले, रोज दोन कोटी लिटरांहून जास्त सांडपाणी घेणारे. आधी कचरा गाळायचा, मग जंतूंना हवा देऊन त्यांच्याकडून घाण खाववायची, मग वाळूतून गाळायचे. इथपर्यंत मीठ तसेच राहते. शेवटी फार बारीक पडद्यातून जोराच्या दाबाने पाणी लोटायचे. पाणी पार जाते, क्षार मागे राहतात. मुळाकडून पाणी ओढून घेणारी जी ओढ आपण वर पाहिली, तिच्याविरुद्ध पंपाने जोर लावायचा, एवढाच त्यातला अर्थ. यंत्र महाग आणि वीजही खाते. आपल्या खाचरात तेच काम पाऊस आणि उघाडी मिळून करतात.

आता खताकडे येऊ. सुफल्यातले काही नत्र अमोनियाच्या रूपात असते, काही नायट्रेटच्या. अमोनियाचे नत्र चिकणमातीच्या कणांना चिकटून राहते. नायट्रेट चिकटत नाही, ते पाण्याबरोबर चालू लागते. उघाडीतून पाणी वाहत असताना खत फेकले तर ते खाडीला जाते, आणि खाडीत त्याने शेवाळ माजते. युरियाची गोष्ट थोडी वेगळी. उभ्या पाण्यात फेकला की काही दिवसांत त्याचा अमोनिया होतो. पाण्याचा सामू दुपारच्या उन्हात चढलेला असतो, अशा वेळी पुष्कळसा अमोनिया वायू होऊन उडून जातो. पैसे आपले, खत हवेत.

याला तोड आपल्याच कोकणातल्या माणसाने काढली. डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भात लागवड सांगितली : भाताच्या तुसाची किंवा पेंढ्याची राख, गिरीपुष्पाचा पाला, नेमक्या अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीची गोळी. लावणी 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटूनपालटून अंतरावर करायची. चार चुडांच्या मध्ये 2.7 ग्रॅमची एक गोळी हाताने 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. हेक्टरी 62,500 गोळ्या, वजन सुमारे 170 किलो, त्यातून नत्र 57-58 किलो मिळते. खाली चिखलात हवा नसते, त्यामुळे अमोनिया तिथेच अडकून राहतो आणि मुळे हळूहळू घेतात. हात लागतात जास्त, हे कबूल. पण जिथे पाण्यावर आपला पूर्ण ताबा नाही अशा खारात फेकलेल्या खतापेक्षा खोचलेले खत भरवशाचे.

फेकूनच द्यायचे असेल तर आधी दोन-तीन जोराच्या पावसांत माती धुऊ द्यावी. मग पाणी कमी करावे, खत चिखलात मिसळावे आणि निदान तीन-चार दिवस खाचराचे तोंड बंद ठेवावे. नत्र एकदम न देता लावणीला, फुटव्याला आणि लोंबी पोटरीत असताना अशा तीन हप्त्यांत द्यावे. पालाश खारजमिनीत बहुधा मुळातच भरपूर असते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते, तेव्हा माती परीक्षणात कमतरता दिसल्याखेरीज ते विकत घेऊ नये. जिप्समचेही तसेच. सामू 8.5 च्या वर आणि चिकट, पाणी न मुरणारी जमीन असेल तिथे त्यातले कॅल्शियम सोडियमला बाहेर लोटते. नुसत्या खाऱ्या जमिनीला मात्र जिप्समपेक्षा पाण्याच्या वाटेची गरज जास्त.

शहराच्या पोटात उघाडी

1970 साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतील 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्यात खारही गेले आणि मिठागरेही. मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरातल्या गोळीबारात पाच शेतकरी प्राणाला मुकले. त्यांच्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली.

शहर झाले, पण जमीन खारच राहिली. वाशी, बेलापूरचे कित्येक भाग मोठ्या भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत. तेव्हा नियोजनकारांनी काय केले? खाडीकडे बांध घातला, आत पावसाचे पाणी साठवायला धारण तलाव खोदले आणि तोंडाला एकमार्गी झडपा बसवल्या. भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. पुस्तकात याला हॉलंडची पद्धत म्हणतात. आपण उघाडी म्हणतो. तलावात गाळ साचला, कांदळवन वाढले की मोठ्या पावसात रस्त्यावर पाणी तुंबते. जोळ बंद पडलेल्या खाराचे जे होते, तेच शहराचे होते.

पिण्याचे पाणी मात्र शहराने डोंगरातून आणले. खालापूर तालुक्यात धावरी नदीवर मोरबे धरण आहे, तिथले पाणी भोकरपाड्याला शुद्ध होऊन येते. ही शुद्धी म्हणजे काय ते खाडीकाठच्या विहिरीवाल्यांनी समजून घ्यावे. तुरटीसारख्या क्षाराने गाळाचे कण एकत्र येऊन खाली बसतात, वाळूत बाकीचे अडकतात, क्लोरिनने जंतू मरतात. यातल्या एकानेही मीठ जात नाही. पाणी उकळले तर ते उलट जास्त खारट होते. विहीर खारी होऊ लागली तर तुरटी फिरवत बसू नये, उपसा कमी करावा. गोड्या विहिरीत मात्र ब्लीचिंग पावडर जरूर टाकावी, चांगल्या प्रतीची दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. तासाभराने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे. आणि युरियाची पोती, उकिरडा विहिरीपासून दूर ठेवावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर गेले तर तान्ह्या मुलांना धोका असतो, आणि तेही उकळून जात नाही.

खांड पडली तर

उरलेल्या खारांपुढे आज एक नवी अडचण आहे. खांड पडून पाणी आत-बाहेर करू लागले की काही वर्षांत तिवर उगवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांनुसार कांदळवन तोडता येत नाही, जमीन कोणाच्याही मालकीची असो. किनारा राखायला आणि मासळीच्या पैदाशीला कांदळवन लागते, तेव्हा आदेश योग्यच आहे. पण सातबारा आपला, आणि शेतात पाय ठेवता येत नाही, अशी अवस्था होते. म्हणून खांड पहिल्याच उधाणानंतर बुजवावी. ती गावाच्या आवाक्याबाहेरची असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव, सातबारा उतारे आणि तारीख दिसेल असे फोटो जोडून खारभूमी विकास विभागाकडे लगेच लेखी अर्ज द्यावा, नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडून करून घ्यावा आणि अर्जाची पोच जपून ठेवावी.

मातीचा नमुना मे महिन्यात, पावसाआधी घ्यावा. वरचा पांढरा थर खरवडून वेगळ्या पिशवीत भरावा, खालची वीतभर माती दुसऱ्या पिशवीत. उघाडीजवळचा आणि लांबच्या खाचराचा नमुना एकत्र करू नये. पिशवी स्वच्छ कापडाची घ्यावी. खताच्या रिकाम्या पोत्यात भरलेल्या नमुन्याचा आकडा चुकतो.